टेस्लाचा शेअर ठेवायचा की काढायचा? आधी अंश-छेद मांडा

तुम्ही जे विचारलंत ते थोडक्यात असं. 2021 मध्ये तुम्ही टेस्लाचे शेअर घेतले. ऑफिसातले तेजीवाले म्हणतात, जगातली सगळ्यात सुरक्षित गाडी हीच, कंपनीचे आकडे बघ. मंदीवाले म्हणतात, ऑटोपायलटने (स्टिअरिंग आणि वेग आपोआप सांभाळणाऱ्या टेस्लाच्या यंत्रणेने) माणसं गेली, 20 लाख गाड्यांचा रिकॉल झाला, आता विक्रीही पडायला लागली, म्हणजे लोकांचा विश्वास उडाला. दोघांचे आकडे खरे वाटतात, मग बरोबर कोण? आणि जाता जाता हेही विचारलंत की वडिलांसाठी बीकेसीच्या शोरूममधून मॉडेल वाय घ्यावी का.

मी गेली 19 वर्षं वाहन कंपन्यांच्या शेअर्सवर संशोधन करते आहे. त्याआधी सहा वर्षं मोटार विम्याच्या दाव्यांवर काम केलं. तिथे “अमुक गाडीचे तीनशे दावे आले” असं कोणी सांगितलं की आमचे वरिष्ठ एकच विचारायचे, “कितीपैकी?” रस्त्यावर अशा गाड्या किती, वर्षभरात चालल्या किती किलोमीटर, हायवेवर की शहरात, चालवणारा बावीसचा की पन्नाशीचा. अपघातांचा आकडा हा नुसता अंश असतो. खाली छेद काय आहे ते कळेपर्यंत त्यावरून काहीही म्हणता येत नाही. टेस्लाच्या वादात दोन्ही बाजू अंश मोठ्याने सांगतात आणि छेदाबद्दल बोलत नाहीत. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

तेजीवाल्यांचा आकडा बघा. 2018 च्या तिसऱ्या तिमाहीपासून टेस्ला स्वतःचे सुरक्षितता-आकडे जाहीर करू लागली. पहिल्याच वेळी कंपनीने सांगितलं की ऑटोपायलट चालू असताना 33.4 लाख मैलांमागे एक अपघात, ऑटोपायलट बंद असताना 19.2 लाख मैलांमागे एक, आणि अमेरिकेतल्या सगळ्या गाड्या धरल्या तर 4.92 लाख मैलांमागे एक. पहिल्याला तिसऱ्याने भागलं की जवळपास सातपट. आजही लोक ही पट सांगतात, फक्त आकडे नवे असतात.

आता हा भागाकार विम्याच्या टेबलावर ठेवा. त्या काळात ऑटोपायलट मुख्यतः हायवेवर वापरला जायचा. हायवेवर सिग्नल नाही, वळून येणारी रिक्षा नाही, रस्ता ओलांडणारी आजी नाही, त्यामुळे दर मैलामागे अपघात मुळातच कमी. 4.92 लाखांच्या आकड्यात मात्र गल्लीबोळ, पार्किंग, बारा-बारा वर्षं जुन्या गाड्या आणि कालच लायसन्स मिळालेली पोरं, सगळं आलं. शिवाय टेस्ला अपघात धरते तो साधारणपणे एअरबॅग किंवा तशी यंत्रणा उघडली तर. सरकारी आकड्यात एअरबॅग न उघडलेले कितीतरी अपघात मोजले जातात. म्हणजे अंशाची व्याख्या वेगळी आणि छेदातले रस्तेही वेगळे. अशी तुलना माझ्या जुन्या वरिष्ठांपुढे नेली असती तर त्यांनी कागद परत दिला असता. ऑटोपायलट धोकादायक आहे असं याने सिद्ध होत नाही, हे मी मुद्दाम सांगते. सातपट सुरक्षित आहे हे सिद्ध होत नाही, एवढंच.

याहून बोलका प्रसंग अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेचा, म्हणजे एनएचटीएसएचा. मे 2016 मध्ये फ्लोरिडात ऑटोपायलट चालू असलेली मॉडेल एस आडव्या आलेल्या ट्रेलरखाली गेली, चालकाचा जीव गेला. संस्थेने चौकशी केली आणि जानेवारी 2017 मध्ये ती बंद करताना अहवालात लिहिलं की ऑटोस्टिअर, म्हणजे ऑटोपायलटमधला गाडी लेनमध्ये ठेवणारा भाग, बसवल्यावर एअरबॅग उघडण्याइतके मोठे अपघात जवळपास 40 टक्क्यांनी कमी झाले. बाजारात हा आकडा वेदवाक्य झाला. माझ्याही एका नोटमध्ये मी तो घातला होता. एका छोट्या संशोधन संस्थेने मात्र माहितीच्या अधिकाराखाली कोर्टात जाऊन मूळ डेटा मिळवला आणि 2019 मध्ये उलगडा केला. 43,781 गाड्यांपैकी ऑटोस्टिअर बसवण्याआधी आणि नंतर गाडी नेमकी किती चालली याची पक्की नोंद फक्त 5,714 गाड्यांची होती. बाकीच्यांच्या बाबतीत छेदच अर्धवट. आणि ज्या 5,714 ची नोंद पूर्ण होती, त्यांच्यात अपघातांचा दर वाढलेला दिसत होता. तेव्हापासून सरकारी शिक्का असलेला आकडासुद्धा मी छेद बघितल्याशिवाय वापरत नाही.

मंदीवाल्यांचंही तसंच आहे. 2024 च्या अखेरीस आयसीकार्स या कंपनीचा अभ्यास आला. सगळ्या ब्रँड्समध्ये प्राणघातक अपघातांचा दर टेस्लाचा सर्वाधिक, दर अब्ज मैलांमागे 5.6, सरासरी 2.8. तुमच्या मंदीवाल्या मित्राने बहुधा तोच पाठवला असणार. त्यात मृत्यू सरकारी नोंदीतले, पण मैल त्या कंपनीने स्वतःकडच्या गाड्यांच्या माहितीवरून काढलेला अंदाज. मैलांचा अंदाज कमी धरला गेला की दर आपोआप फुगतो. त्यातून चालक कोण, गाडी किती वेगवान, कुठल्या रस्त्यावर, यातलं काहीच वेगळं काढलेलं नव्हतं.

दुसरा गोंधळ शब्दाचा आहे. “सुरक्षितता” म्हणताना तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरल्या जातात. धडक झाली तर आतला माणूस वाचतो का, ही पहिली. यात टेस्ला उत्तम आहे, इथे वाद घालण्यात अर्थ नाही. 2022 मध्ये धडक-चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेने मॉडेल वायला पाच तारे दिले, प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणाला 97 टक्के आणि सुरक्षा-सहाय्य यंत्रणांना 98 टक्के गुण. जड बॅटरी तळाशी, त्यामुळे गाडी सहजी उलटत नाही, आणि पुढे इंजिन नसल्याने चेपायला जागा भरपूर.

दुसरी गोष्ट आग. ऑक्टोबर 2013 मध्ये वॉशिंग्टन राज्यात रस्त्यावरचा लोखंडी तुकडा लागून मॉडेल एसची बॅटरी पेटली, शेअर एका दिवसात 6 टक्क्यांहून जास्त पडला. पाठोपाठ आणखी दोन गाड्या पेटल्या. 2014 मध्ये कंपनीने तळाला टायटॅनियमचं कवच बसवलं आणि एनएचटीएसएने चौकशी बंद केली. अडचण ओळखली, लोखंडाला धातूने उत्तर दिलं, विषय मिटला. त्या काळात घाबरून शेअर विकलेल्यांचे फोन मला अजून आठवतात.

तिसरी गोष्ट मात्र अशी कवच बसवून मिटणारी नाही, कारण ती माणसाच्या लक्षाशी निगडित आहे: गाडी स्वतः चालते तेव्हा माणूस काय करतो. मागे एकदा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मी लेन धरून चालणारी भाड्याची गाडी घेतली होती, कंपनी दुसरीच. पहिली वीस मिनिटं मी स्टिअरिंग घट्ट धरून होते. खालापूर ओलांडेपर्यंत हात सैल पडले होते आणि मी चक्क डोंगर बघत होते. घाट लागल्यावर एके ठिकाणी पट्टी पुसलेली होती, गाडीने लेन सोडली आणि शेजारच्या कंटेनरचा हॉर्न ऐकून मी भानावर आले. पंचवीस वर्षं अपघातांचे कागद वाचणाऱ्या बाईची ही अवस्था. यंत्र शंभरातल्या नव्याण्णव वेळा नीट चाललं की शंभराव्या वेळी माणूस हजर नसतो. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेने मार्च 2024 मध्ये अशा 14 प्रणाली तपासल्या, त्या चालकाचं लक्ष नीट राखतात का हे बघायला. 11 नापास झाल्या. त्यात टेस्लाच्या दोन्ही होत्या, पण त्यांच्यासोबत इतर नामवंतही होते.

डिसेंबर 2023 चा 20 लाखांहून अधिक गाड्यांचा रिकॉल याच मुद्द्यावरचा. “रिकॉल” म्हटलं की गाड्या वर्कशॉपला परत गेल्या, असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात हवेतून सॉफ्टवेअर पाठवलं गेलं, खर्च जवळपास काही नाही. म्हणून तेजीवाले म्हणतात, हा रिकॉलच नव्हे. माझं म्हणणं वेगळं आहे. तो दोष गाडीच्या नटबोल्टात असता तर मला कमी काळजी वाटली असती. एप्रिल 2024 मध्ये एनएचटीएसएने, दिलेला उपाय पुरेसा आहे का, याचीच नवी चौकशी उघडली. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसडी, म्हणजे ज्याला कंपनी “फुल सेल्फ ड्रायव्हिंग” म्हणते त्या प्रणालीने सिग्नल तोडणं, उलट्या दिशेच्या लेनमध्ये शिरणं अशा तक्रारींवरून 28.8 लाख गाड्यांची चौकशी सुरू झाली.

रिकॉलचे कागद वाचायची सवय मात्र लावून घ्या, त्यातून सुरक्षिततेपलीकडचंही कळतं. एप्रिल 2024 मध्ये सायबरट्रकच्या ॲक्सिलरेटर पेडलवरचं आवरण निसटून अडकत होतं, 3,878 गाड्या. कारण काय, तर जोडणीच्या वेळी आवरण चटकन बसावं म्हणून मंजुरी नसताना साबण लावला होता. कारखान्यात घाई किती होती ते या एका ओळीत दिसतं. मग मार्च 2025 मध्ये छताजवळची स्टीलची पट्टी सुटत असल्याने सायबरट्रकचा पुन्हा रिकॉल झाला. नोव्हेंबर 2023 पासून 27 फेब्रुवारी 2025 पर्यंत बनलेल्या सगळ्या गाड्या, एकूण 46,096. टेस्ला सायबरट्रकची विक्री वेगळी दाखवत नाही, मॉडेल एस आणि एक्सबरोबर “इतर मॉडेल्स” मध्ये मिसळते. कंपनीचे प्रमुख एलॉन मस्क यांनी वर्षाला अडीच लाखांचं लक्ष्य सांगितलं होतं. सव्वा वर्षात 46 हजार, हे गुंतवणूकदारांना कळलं ते एका सुटणाऱ्या पट्टीच्या कागदातून. त्या दिवशी मी माझ्या शीटमधला सायबरट्रकचा अंदाज निम्म्याहून खाली आणला.

आता विक्री. 2023 मध्ये 18,08,581 गाड्या, 2024 मध्ये 17,89,226, 2025 मध्ये 16,36,129. वार्षिक विक्री घटण्याची पहिली वेळ 2024, आणि 2025 मध्ये घट जवळपास 9 टक्के. निव्वळ बॅटरीवरच्या गाड्यांमध्ये चीनची बीवायडी 22 लाखांच्या पुढे जाऊन पहिली झाली.

पण ही घसरण असुरक्षिततेच्या भीतीने झाली, हे मंदीवाल्यांचं म्हणणं मला पटत नाही. 2013 च्या आगी, 2016 चा फ्लोरिडाचा अपघात, त्यानंतरच्या डझनावारी चौकश्या, या सगळ्या काळात विक्री वर्षाला 22 हजारांवरून 18 लाखांवर गेली. ग्राहक अपघाताच्या बातमीने गाडी टाळत असता तर ही वाढ दिसलीच नसती. घट आली ती जुन्या झालेल्या मॉडेल्समुळे, चिनी स्पर्धेमुळे, मस्क यांच्या राजकारणावर युरोपात आणि कॅलिफोर्नियात उमटलेल्या रागामुळे. जर्मनीत 2024 मध्ये नोंदणी 41 टक्क्यांनी घटली, आणि नॉर्वेत तीच गाडी 2025 मध्ये विक्रमी खपली. सुरक्षितता दोन्हीकडे सारखीच. 2025 च्या पहिल्या तिमाहीत 3,36,681 पर्यंत आकडा पडला त्यात चारही कारखान्यांत नवी मॉडेल वाय सुरू करायला लाईन थांबवल्याचाही हात होता. तिसऱ्या तिमाहीत 4,97,099 चा विक्रम झाला, कारण 30 सप्टेंबरला अमेरिकेतली 7,500 डॉलरची करसवलत संपणार होती. पुढच्या तीन महिन्यांत 4,18,227. एका तिमाहीवरून कोणी तुम्हाला कंपनीचं भविष्य सांगत असेल तर आधीची आणि नंतरची तिमाही मागा.

नफ्याकडे एक नजर. 2024 चा निव्वळ नफा सुमारे 710 कोटी डॉलर, आणि त्याच वर्षी इतर वाहन कंपन्यांना प्रदूषण-क्रेडिट (दंड टाळायला त्या विकत घेतात ते गुण) विकून मिळाले 276 कोटी डॉलर. जुलै 2025 च्या अमेरिकी कायद्याने इंधन-मानक मोडल्याचा दंड शून्यावर आणला, त्यामुळे ही कमाई पुढे आटणार आहे.

तरीही बाजारमूल्य 1 लाख कोटी डॉलरच्या वर का? तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये भागधारकांनी मस्क यांचं मानधन-पॅकेज मंजूर केलं, त्याच्या अटी वाचा. बाजारमूल्य 8.5 लाख कोटी डॉलर, आणि सोबत दोन कोटी गाड्या, एफएसडीची एक कोटी चालू वर्गणी, दहा लाख रोबोटॅक्सी (विनाचालक टॅक्सी), दहा लाख यंत्रमानव. दोन कोटी गाड्या हा एकूण आकडा आहे, वर्षाचा नव्हे. म्हणजे नुसत्या गाड्या विकून भाव तिथवर पोहोचणार नाही, हे संचालक मंडळालाच मान्य आहे. भाव उभा आहे तो गाडी माणसाविना चालेल या भरवशावर. मारुती किंवा टोयोटाच्या ताळेबंदात सुरक्षितता हा खर्चाचा विषय असतो, टेस्लाच्या बाबतीत तोच विकायचा माल आहे. एफएसडीचा सुरक्षितता-आलेख जर माणसापेक्षा स्पष्टपणे वर नाही, तर रोबोटॅक्सी नाही, वर्गणी नाही, आणि आजचा भावही टिकणार नाही.

विम्याच्या बाजूने बघितलं की आणखी एक बदल दिसतो, ज्याबद्दल गुंतवणूकदार फार कमी बोलतात. आज अपघात झाला की जबाबदार चालक, पैसे देतो त्याचा विमा. फ्लोरिडातल्या “की लार्गो” या ठिकाणी एप्रिल 2019 मध्ये एक मॉडेल एस टी-जंक्शनवरून सरळ पुढे गेली, उभ्या गाडीला धडकली, एक तरुण मुलगी गेली आणि तिचा मित्र गंभीर जखमी झाला. चालक खाली पडलेला फोन उचलत होता, त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर होता, चूक त्याने स्वतः कबूल केली. तरी ऑगस्ट 2025 मध्ये मायामीच्या ज्युरीने 33 टक्के दोष टेस्लाचा ठरवला. नुकसान धरलं 12.9 कोटी डॉलर, त्यातला कंपनीचा वाटा सुमारे 4.3 कोटी, वर दंडात्मक 20 कोटी. एकूण 24.3 कोटींच्या आसपास. कंपनीने अपील करणार म्हटलं. टेस्लाच्या तिजोरीला ही रक्कम किरकोळ आहे. पण चालकाची चूक समोर असताना एक तृतीयांश दोष कंपनीकडे जातो, तर चालकच नसलेल्या गाडीत किती जाईल? रोबोटॅक्सीच्या नफ्याचे जे हिशेब मांडले जातात, त्यातल्या बहुतेकांत या खर्चाची ओळ मला सापडत नाही.

जनरल मोटर्सच्या क्रूझ या रोबोटॅक्सी कंपनीचं काय झालं ते आठवा. 2 ऑक्टोबर 2023 ला सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्याच गाडीने उडवलेली एक बाई क्रूझच्या विनाचालक गाडीपुढे पडली, आणि गाडीने तिला सुमारे वीस फूट फरफटत नेलं. नियामकाला माहिती नीट न दिल्याचा ठपका आला, तीन आठवड्यांत कॅलिफोर्नियाने परवाना निलंबित केला, आणि डिसेंबर 2024 मध्ये जनरल मोटर्सने 1,000 कोटी डॉलरहून अधिक ओतलेला रोबोटॅक्सीचा धंदा सोडला. उलट गूगलच्या मालक कंपनीच्या वेमो या रोबोटॅक्सी कंपनीने स्विस री या पुनर्विमा कंपनीबरोबर 2.53 कोटी मैलांचा अभ्यास दिला. त्याच भागातल्या माणसांनी चालवलेल्या गाड्यांच्या विमा-दाव्यांशी तुलना केली, मालमत्तेच्या नुकसानीचे दावे 88 टक्के कमी, इजेचे 92 टक्के कमी. हा छेद मला मान्य आहे. टेस्लाने जून 2025 मध्ये ऑस्टिनला रोबोटॅक्सी सुरू केली ती सुरुवातीला शेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस बसवून, आणि या दर्जाचा अभ्यास अजून माझ्यासमोर आलेला नाही. तो आला की माझं मत बदलायला मी तयार आहे.

म्हणून तुमच्या शेअर्सबद्दल. तुमचं वय, कर्ज, मुलांची शिक्षणं मला माहीत नाहीत, त्यामुळे आकडा तुम्हीच ठरवा. पण आजचा भाव हा पुरावा मिळाल्याचा भाव आहे, आणि पुरावा अजून मिळायचा आहे. अशा शेअरमध्ये मी स्वतः एकूण गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांहून जास्त ठेवणार नाही. 2021 पासून वाढून तो तुमच्याकडे वीस टक्के झाला असेल, तर वरचा भाग काढा. दर तिमाही संपल्यावर काही दिवसांत येणारा डिलिव्हरीचा आकडा बघा, पण त्यावर रात्र जागवू नका. एनएचटीएसएच्या त्या 28.8 लाख गाड्यांच्या चौकशीचं काय होतं, आणि रोबोटॅक्सीचे अपघात किती मैलांमागे, कुठल्या रस्त्यावर, किती देखरेखीखाली हे कंपनी उघड करते का, यावर लक्ष ठेवा.

वडिलांच्या गाडीचं वेगळं. बीकेसीला जुलै 2025 मध्ये शोरूम उघडलं तेव्हा मॉडेल वाय 59.89 लाखांपासून होती, आयात करासकट. धडकेत सांभाळणारी गाडी म्हणून माझी हरकत नाही. एक गोष्ट मात्र पैसे भरण्याआधी करा. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेत 2021 च्या सुमारे 1.74 लाख मॉडेल वाय गाड्यांची चौकशी सुरू झाली, कारण छोट्या बॅटरीचा दाब उतरला की बाहेरची विजेवर चालणारी हँडल उघडत नव्हती, आणि आत अडकलेल्या लेकरांना बाहेर काढायला काही आईबापांना काच फोडावी लागली. तुम्ही घ्याल ती गाडी नवी आहे, रचनाही बदललेली असेल. तरी शोरूममध्ये आईला मागच्या सीटवर बसवा, वीज नसताना दार आतून हाताने कसं उघडायचं ते विक्रेत्याला दाखवायला सांगा, आणि मग त्याला बाजूला उभं करून आईला स्वतः दोनदा उघडू द्या. त्यांना जमलं तर घ्या.